सुलतानचं वजन

गजभियेंना कुणी डॉक्टर म्हटलं की ते हातातलं काम थांबवत आणि सांगत, "डॉक्टर नाही जी, पट्टीबंधक." मग काम पुढे सुरू. समोरचा माणूस पुढच्याच वाक्यात पुन्हा डॉक्टर म्हणे, ते पुन्हा थांबत. एका सकाळी मी हे सात वेळा मोजलं. आठव्यांदा ज्याने म्हटलं त्याची गाय खोड्यात अडकवलेली होती आणि गजभियेंचा हात खांद्यापर्यंत तिच्या पोटात होता. तरी ते थांबले, सांगितलं, आणि मग हात पुढे सरकवला.

पवनी तालुक्यात, आसगावच्या पुढे, गोसीखुर्दच्या पाण्याने उठवलेली काही गावं नव्या गावठाणांत बसवली आहेत. त्यांतल्या एका गावठाणाच्या कडेला जनावरांचा दवाखाना होता. दोन खोल्या, एक खोडा, एक बोअर. गोंदिया वेगळा होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण दवाखान्याच्या भिंतीवरच्या नकाशात भंडारा जिल्हा अजून सालेकशापर्यंत पसरलेला होता. मी भंडाऱ्याच्या एका दैनिकाला त्या भागातल्या बातम्या पाठवत असे. लाळ-खुरकतीच्या लसीकरणाची बातमी घ्यायला गेलो, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

अंगाने सडसडीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. हात न वळवता सेकंदकाटा दिसावा म्हणून. कुठलंही जनावर आलं की ते आधी त्याला हात लावत नसत. त्याच्यापासून दोन हातांवर उकिडवे बसत आणि जनावर त्यांच्याकडे बघायचं थांबेपर्यंत तसेच राहत. मग बरगडीवर नजर ठेवून श्वास मोजत. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरके. चार बोटांची बारा पेरं, एक फेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. मिनिट संपेपर्यंत कुणी बोललं तर उत्तर मिळत नसे.

"मोजल्याबिगर बोलू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. मोजल्यावर मात्र ते जे बोलत ते ऐकवत नसे.

एक बाई दुभती शेळी घेऊन आली होती. त्यांनी दोनदा मोजलं.

"बाई, हे वाचत नाही. सांजेपर्यंत जाईन. घरी न्या, सावलीत ठेवा."

"इंजेक्शन तरी मारा न जी."

"मारतो. पन वाचत नाही."

त्यांनी इंजेक्शन दिलं. शेळी चारच्या सुमारास मेली. दुसऱ्या दिवशी ती बाई मुद्दाम दवाखान्यात आली आणि "तुमी मनलं तसंच झालं" एवढं सांगून गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. गावठाणात त्यांना मागून काळतोंड्या म्हणत. तरी आंधळगावाहून सोयरिकीला आलेला पाहुणाही आपल्या बैलाबद्दल त्यांना विचारून जाई. खोटी आशा त्यांच्याकडून कुणाला मिळाली नाही. हे मला किमान दहा जणांनी सांगितलं आणि मी स्वतः पाहिलं. त्याला एक अपवाद होता. तो म्हणजे त्यांच्या घरी पडवीत मोकळा वावरणारा, दाराएवढा कुत्रा.

गजभिये आणि त्यांच्या पत्नी कुसुमबाई, दोघांचंच घर होतं. मूल नव्हतं. जुन्या गावातून नव्या गावठाणात येताना कुसुमबाईंनी एक पॉमेरियन कुत्री टोपलीत घालून आणली होती. तिचं नाव चिंगी, वजन तीन किलो. ती कुसुमबाईंची. सुलतान नंतर आला. धरणाच्या कामावर असलेल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांना दोन महिन्यांचं ग्रेट डेनचं पिल्लू बरोबर नेता येईना. त्यांनी ते दवाखान्यात आणून सोडलं. गजभियेंनी ते सायकलच्या कॅरियरवर पोत्यात बसवून घरी नेलं.

त्या दिवशी त्यांची नोकरी साडेनऊ वर्षं उरली होती. त्यांनी ते लगेच मोजलं होतं. गावातला कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. कुसुमबाईंना ते म्हणाले, "अवं, मी रिटायर होईन तवा हाबी बुढा झाला असन. दोघंही बाजेवर बसून राहू." कुसुमबाईंनी हे मला पुढे अनेकदा सांगितलं. "नवऱ्यानं कधी पुढचं बोलून दाखवलं असं तेवढं एकच," असं त्या म्हणत.

गजभियेंनी आयुष्य गुराढोरांत काढलं होतं. गोऱ्हा चांगला की वाईट, हे तिथे वजनावर ठरतं. खाऊ घाला, भरेल, भरला की टिकेल. सुलतानला त्यांनी गोऱ्ह्यासारखं वाढवलं. सकाळी तांदळाच्या कणकीची पेज दुधात, दुपारी अंडी, संध्याकाळी धरणातले झिंगे घालून शिजवलेला भात, वर कॅल्शियमचं औषध. थाळी रिकामी दिसली की ते भरत. "मांगते तोवर द्यायचं," म्हणत.

दर रविवारी सकाळी ते सुलतानला धानगिरणीवर नेत. गिरणीवाले डोमाजी पोती तोलायच्या काट्यावर त्याला उभं करत. डोमाजी वजनं ठेवत जात, आणि आजूबाजूला पिठासाठी, धानासाठी आलेली माणसं पैज लावल्यासारखी आकडे ओरडत.

"पंचवीस!"

"अबे, पंचवीस तं मागच्या इतवारी होता. सव्वीस मन."

"सत्तावीस," डोमाजी काटा स्थिर झाल्यावर सांगत, "आन शेपूट बाहेर आहे."

लोक हसत. कुणीतरी विचारी, "गजभिये, हे कुत्रंच आहे न जी? का रेड्याचं वगारू उचलून आनलं?" गजभिये हसत नसत, पण त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेलं सगळ्यात मोकळं समाधान तेच. वर्षाचा झाला तेव्हा सुलतान बासष्ट किलो भरला. मी त्याचा काट्यावरचा फोटो काढला आणि चार ओळींची बातमी दिली. ती आतल्या पानावर आली. मथळा मी दिला नव्हता, पण मजकूर माझा होता. तालुक्यातला सर्वांत वजनदार कुत्रा, असं मी लिहिलं होतं. तालुक्यातले बाकीचे कुत्रे कुणी मोजलेले नव्हते. गजभियेंनी कात्रण काचेत घालून पडवीत लावलं.

सुलतान पाचव्या वर्षात असताना त्याचं तोंड पांढरं झालं. उठताना तो आधी पुढचे पाय टेकी, थांबे, मग मागचं अंग ओढून घेई. चिंगी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. ती पडवीच्या भिंतीवरून उडी मारून शेजारच्या कोंबड्यांमागे जात होती.

गजभियेंनी मोजायला सुरुवात केली. झोपेत चिंगी मिनिटाला चोवीस श्वास घेत होती, सुलतान चौदा. महिनाभर दोघांचं खाणं तोलून पाहिलं. थाळीत सुलतानचं खाणं ढीगभर दिसे, पण किलोमागे धरलं तर चिंगी सुलतानच्या दुपटीहून जास्त खात होती. म्हणजे चिंगीचं अंग भरभर जळत होतं, सुलतानचं हळू. मग म्हातारी चिंगी व्हायला हवी होती.

हा प्रश्न त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला विचारला. औषधांच्या एजंटला विचारला. जिल्ह्याच्या साहेबांना तपासणीच्या दिवशी विचारला; साहेबांनी खोड्याला रंग का दिला नाही ते विचारलं. मलाही विचारला. मी म्हटलं, मला विज्ञानातलं कळत नाही. "मंग पेपरात कसं लिवता?" ते म्हणाले.

मला त्यांनी स्वतःचा विचार धानाच्या भाषेत सांगितला. झाडीपट्टीत धान साठवायला बांबूची, शेणाने लिंपलेली ढोली असते. खाली एक तोंड ठेवतात, बोळा काढला की धान सांडतं. "हर जिवाले एक ढोली भरून भेटते. उंदराचं तोंड मोठं, लवकर रिकामी होते. हत्तीचं बारीक. हे मले समजते, भाऊ. पन या दोघायचं उलटं काहून होऊन राहिलं?"

उत्तर घेऊन आली ती पल्लवी नावाची मुलगी. नागपूरच्या महाविद्यालयातून शिकाऊ म्हणून काही आठवडे दवाखान्यात आली होती. गजभियेंनी तिला पहिल्याच दिवशी गाठलं.

"मॅडम, उंदीर दोन वर्सं जगते, हत्ती साठ. लहान आंग भरभर जळते, मोठं हळू. बरोबर?"

"बरोबर."

"मंग कुत्र्यात उलटं काहून?"

ती हसली. "काका, हा प्रश्न परीक्षेत आला असता तर मी नापास झाले असते." पण पुढच्या सोमवारी नागपूरहून येताना तिने काही कागद आणले आणि पडवीत बसून समजावून सांगितलं. मी तिथे होतो.

"नक्की कुणालाच माहीत नाही," तिने सुरुवातच अशी केली. "पण जळण्याच्या वेगावरच आयुष्य ठरत असतं तर चिंगी आधी गेली असती. तसं नाही. पिल्लूपण बघा. चिंगी जन्मली तेव्हा मुठीएवढी, आज तीन किलो. सुलतान जन्मला तेव्हा किलोच्या आतच होता, आणि वर्षात किती झाला?"

"बासष्ट."

"जवळजवळ शंभरपट. एका वर्षात एवढं शरीर बांधायचं म्हणजे आतली भट्टी सतत फुल चालवायची. भट्टी चालली की राख होणारच. लहान कुत्र्याचं शरीर ती राख काढत राहतं. मोठ्याचं मागे पडतं, आणि ती अंगात राहते, असं काही जणांचं म्हणणं आहे. म्हणून मोठा कुत्रा एकदा म्हातारा व्हायला लागला की झपाट्याने होतो. ही जात सात-आठ वर्षं जगते, काका. त्याहून जास्त जगणारे थोडे."

ती कागद उलटत म्हणाली, "एक मात्र पाहिलेलं आहे. ज्या कुत्र्यांना मापात खाऊ घातलं, ती पोटभर खाणाऱ्या आपल्याच भावंडांपेक्षा जास्त जगली."

"कधीपासून मापात?"

"पिल्लू असल्यापासून."

गजभियेंनी मान वर केली. समोर काचेतलं कात्रण होतं. त्यांनी ते पाहिलं. मग विचारलं, "आता सुरू केलं तं?"

"थोडा फायदा होईल. पायांना तर नक्कीच. पण हळूहळू करा. फार नाही."

पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा भिंतीवर काचेच्या जागी फक्त खिळा होता.

सुलतान तेव्हा सहा वर्षांचा, वजन अडुसष्ट. गजभियेंच्या निवृत्तीला तीन वर्षं आठ महिने होते. पल्लवीने सांगितलेलं आयुष्य त्याआधीच संपत होतं. मधलं अंतर दीड-दोन वर्षांचं. तेवढं भरून काढायचं, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्याच्या जनावराबाबत हा विचार त्यांनी ऐकूनही घेतला नसता.

पहिल्या महिन्यात त्यांनी पाव हिस्सा कमी केला. वजन उतरलं, चाल सुधारली. तिथे थांबायला हवं होतं, हे पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं. पण त्यांचा तर्क सरळ होता. "थोड्यानं थोडा फायदा होते, तं जास्तीनं जास्त होईन." त्यांनी आणखी कमी केलं, मग आणखी. सुलतान घरोघर जाऊन दारात बसू लागला. तो भुंकत नसे. चुलीवरच्या भांड्याकडे बघत बसे आणि त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत. बाया भाताचा घास टाकत. गजभिये दुसऱ्या दिवशी त्या त्या घरी जाऊन सांगत, "त्याले काही देऊ नका."

"काहून जी? काय बिमारी आहे त्याले?"

"नाही."

"मंग?"

याचं उत्तर त्यांना एका वाक्यात देता येत नसे. ते भट्टी, राख, ढोली असं सांगायला लागत आणि बाया एकमेकींकडे बघत.

"गजभिये, सोताचा पगार काय कमी पडून राहिला का कुत्र्याले उपाशी ठेवता?" असं एकाने भर चौकात विचारलं.

सातवं वर्ष अर्ध्यावर आलं तेव्हा गणित बिघडलं. मापातलं खाणं तेवढंच, शेजाऱ्यांनी देणं बंद केलेलं, आणि तरी सुलतानचं वजन उतरायचं थांबलं. तीन रविवार काटा एकोणसाठावर राहिला. गजभियेंनी आधी काट्यावर संशय घेतला. डोमाजींना म्हणाले, काटा तपासा. डोमाजी चिडले. "तीस वर्सं झाली, कोनी मनलं नाही." तरी गजभियेंनी दहा-दहा किलोची सहा वजनं आणून स्वतः काटा तपासला. काटा बरोबर होता. मग त्यांनी सुलतानला जंत झाले का पाहिलं, अंगावर सूज आहे का पाहिलं. आपल्या पत्नीवर संशय घ्यायला त्यांना आणखी दोन आठवडे लागले.

कुसुमबाई रोज दुपारी भांडी घासायला मागच्या बोअरवर जात आणि पातेल्यात राखेखाली कणकीचे लाडू घेऊन जात. ज्या दिवशी हे उघडं पडलं, मी कामासाठी आलो होतो आणि पडवीत चहा पीत होतो. गजभिये आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही.

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून," कुसुमबाई म्हणाल्या.

"म्या तुले समजावून सांगतलं होतं. दोन वर्सं जास्त जगन तो."

"कायले?"

कुसुमबाईंनी राखेचं पातेलं त्यांच्यासमोर ठेवलं.

"अजी, तुमी त्याचे दिवस मोजता. त्याले दिवस मोजता येतात का? त्याले भूक तेवढी समजते. उद्या तुमी रिटायर होनार हे त्याले मालूम आहे का? बाजेवर बसाची हौस तुमची आहे."

"तुले समजत नाही."

"नसन समजत. रातभर माह्या पायापाशी येऊन उभा राह्यते ना, ते समजते."

चिंगी त्या दोघांच्या मधून पळत गेली. मी चहाचा कप खाली ठेवला आणि निघालो.

त्या दिवशी सुलतानच्या गळ्यात पहिल्यांदा साखळी आली. ती दवाखान्यातली, बैल बांधायची होती. घरात पुढे वर्षभर त्या दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. कुसुमबाई त्याच्यासमोरून जाताना भांडं पदराखाली झाकत. वजन पन्नासपर्यंत उतरलं. उन्हात उभा राहिला की बरगड्यांच्या सावल्या दिसत.

आठवं वर्ष लागल्यावर गजभियेंच्या अंगठ्याला पेरं कमी पडायला लागली. झोपेतला श्वास चौदाचा सोळा झाला, मग चोवीस. पुढे छत्तीस. तीन फेऱ्या. दुसऱ्या कुणाचं जनावर असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, हृदय थकलं, घरी न्या. इथे त्यांनी गोळ्या सुरू केल्या, नागपूरला पल्लवीला फोन केला, गोळ्या बदलल्या. मी विचारलं, कसा आहे. ते म्हणाले, "थोडा बरा आहे." त्या आठवड्यात श्वास चाळीस होता. कुसुमबाईंनी सांगितलं. त्या आता पेरांवर मोजायला शिकल्या होत्या.

एका सकाळी गजभियेंनी साखळी सोडली आणि कुसुमबाईंना म्हणाले, "त्याले पोटभर घाल."

कुसुमबाईंनी झिंगे घालून भात शिजवला. दुधाची पेज केली. मोठी थाळी, पिल्लू असतानाची, माळ्यावरून काढली. सुलतान उठला नाही म्हणून थाळी त्याच्या तोंडापाशी सरकवली. त्याने वास घेतला, जबडा थाळीच्या काठावर ठेवला आणि तसाच पडून राहिला. काही वेळाने चिंगी आली आणि दुसऱ्या बाजूने खाऊ लागली. तिला कुणी हाकललं नाही. हे मी पाहिलेलं नाही. दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलं आणि तपशील जुळले.

सुलतान त्याच दुपारी मेला. वय आठ वर्षं एक महिना. निवृत्तीला एक वर्ष सात महिने बाकी होते.

त्याला नेण्यासाठी डोमाजींनी पोती वाहायचा ठेला दिला. ठेला गिरणीवरून जाणार होता. तिथे आल्यावर, इतक्या वर्षांच्या सवयीने असेल, डोमाजींच्या तोंडून निघून गेलं, "गजभिये, काट्यावर घ्याचा का जी?" गजभिये म्हणाले, "नको." धरणाच्या बाजूला, झुडपी जंगलाच्या कडेला त्याला पुरलं.

महिन्याभराने मी भेटलो तेव्हा ते दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी न विचारता बोलले. पल्लवी फोनवर म्हणाली होती की या जातीसाठी आठ वर्षं कमी नाहीत.

"मंग भाऊ, म्या त्याले दोन वर्सं उपाशी ठेवून कमावलं काय? सहा महिने? का काहीच नाही? का उलटं कमी केलं? हे कसं समजन? दुसरा सुलतान पाह्यजे होता. त्याच मायचा, पोटभर खाल्लेला. तो कवा मरते ते पाह्यलं असतं." मग म्हणाले, "मोजलं सारं. पन कायच्या बरोबर मोजाचं, तेच नव्हतं."

त्यांचा निवृत्तीचा कार्यक्रम पंचायत समितीत झाला. शाल, नारळ, तीन भाषणं. एका वक्त्याने त्यांना डॉक्टर गजभिये म्हटलं. ते खुर्चीतून उठून दुरुस्ती करतील असं मला वाटलं. ते बसून राहिले.

पुढे माझी बदली मुख्य कार्यालयात झाली आणि त्या बाजूला जाणं थांबलं. शेवटचं त्यांना पाहिलं ते तीन वर्षांनी, धरणातल्या मासेमारांच्या बातमीसाठी गेलो तेव्हा. रविवारची सकाळ होती. गजभिये गिरणीच्या ओट्यावर बसले होते. मांडीवर चिंगी, वय चौदाच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण माझ्या पावलांवर भुंकली. अजूनही चांगली खाते, असं ते म्हणाले. ते तिचा श्वास मोजत नव्हते. हात तिच्या पाठीवर पालथा पडलेला होता.

तेवढ्यात गावठाणातलाच प्रवीण नावाचा मासोळीचा व्यापारी मोटारसायकलवरून आला. त्याने पुढे टाकीवर एक पिल्लू धरलं होतं. राखाडी, मोठाल्या पंजांचं, लोंबत्या कानांचं. ग्रेट डेन.

"पाहा डॉक्टर, कसा आहे! तुमच्या सुलतानचं रेकॉर्ड तोडाचं आहे. पेपरात आलं होतं न तुमचं?"

गजभियेंनी डॉक्टर हा शब्द दुरुस्त केला नाही. त्यांनी चिंगीला ओट्यावर ठेवलं आणि पिल्लाच्या पुढ्यात उकिडवे बसले. पिल्लाने त्यांच्याकडे बघणं थांबवलंच नाही. त्यांचं मनगट चाटलं, घड्याळाच्या काचेवरून जीभ फिरवली. डोमाजींनी ते काट्यावर उभं केलं.

"एकवीस."

"साडेतीन महिन्याचा आहे फक्त!" प्रवीण म्हणाला.

"काय खाऊ घालतोस?" गजभियेंनी विचारलं.

"सारं. दूध, अंडे, मासोळी तं घरचीच आहे. थाली रिकामी दिसली का भरतो."

"भरू नको."

"आं?"

"मापात दे. बरगडी दिसू नये, पन हाताले लागली पाह्यजे. याले हळू वाढू दे, बाबू. आता कमी केलं तं होते. मंग नाही होत." ते एवढं एका दमात बोलले. मी त्यांना इतक्या वर्षांत कुणाच्याही जनावराबद्दल 'होते', म्हणजे जमतं, असं म्हणताना ऐकलं नव्हतं.

प्रवीण डोमाजींकडे बघून हसला. "वा डॉक्टर. तुमचा तं उपाशी मारला. आता माहाबी मारता का?"

डोमाजी वजनं उचलून एकावर एक रचू लागले. गजभिये उकिडवेच होते. प्रवीणने खिशातून बिस्किटाचा पुडा काढून फाडला आणि सगळी बिस्किटं पिल्लासमोर ओतली. पिल्लू खात होतं. गजभियेंचं मनगट वळलं आणि अंगठा पेरांवरून सरकू लागला. ते श्वास मोजत होते की बिस्किटं, हे मी विचारलं नाही.

बिस्किटं संपली. प्रवीणने पिल्लू टाकीवर घेतलं आणि गाडी रस्त्याला लागली. अंगठा तिसऱ्या बोटाच्या मधल्या, आठव्या पेरावर होता. गाडीचा आवाज थांबल्यावरही तो तिथेच होता.